साडेपाच किलोंचं पोर

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यातल्या एका गावी, डिम्फ्नाच्या दुकानात माझं बस्तान आहे. ओतीव लोखंडाचं अंग, पितळेची दोन पारडी. मला घडवणाऱ्या कारागिराने माझा काटा महिनाभर घासला, असं डिम्फ्नाचे वडील सांगत. खरं-खोटं देव जाणे, पण मी कधी कुणाला गुंजभरही फसवलं नाही.

चहा, साखर, खिळे, लोकर, सगळं मी तोललं. गावातली तान्ही पोरंसुद्धा. दुपट्यात गुंडाळलेलं पोर एका पारड्यात, पौंडांची वजनं दुसऱ्यात. माझ्या पारड्यात झोपी गेलेली पोरं पुढे माझ्यासमोरच तंबाखू घ्यायला येत. काय मान होता तेव्हा माझा!

मग सरकारने मापं बदलली. डिम्फ्ना भारी हौशी. तिने माझी पौंडांची वजनं एका दिवसात भंगारात दिली आणि किलोची चकचकीत वजनं आणली. साखरेची पुडी आधी दोन पौंडांची यायची, ती आता त्याच निळ्या कागदात किलोची येऊ लागली.

"किलो म्हणजे दोन पौंड. पुडी बघ ना, तीच तर आहे," डिम्फ्ना ज्याला-त्याला सांगायची.

तीच नव्हती. पण मला विचारतो कोण?

नोव्हेंबरात सोरका आली, सासूला आणि पोराला घेऊन. तिचा नवरा इंग्लंडात बोगदे खोदायला गेलेला. घरात ती, सासू पेग आणि तीन महिन्यांचा फिंटन. पौंडांची वजनं जाण्याआधी, दोनच आठवड्यांपूर्वी, फिंटन माझ्यावर पावणेबारा पौंड भरला होता. आता दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कार्डावर साडेपाच किलो लिहून दिलं होतं.

"साडेपाच दुणे अकरा," डिम्फ्ना म्हणाली. "अगं, पाऊण पौंड उतरलं की पोर!"

"नर्सबाई तर म्हणाल्या, ठीक आहे," सोरका पुटपुटली. "सारखा पितो. पण रात्रभर रडतो."

"नर्सबाईला काय कळतंय, ती शहरातली!" पेगने नातवाचं तोंड दुपट्याने झाकलं. "खातो नि झिजतो. मी म्हटलं नव्हतं तुला? हा आपला नाहीच. आपला त्यांनी नेला आणि हे ठेवून गेले."

'त्यांचं' नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. ते माणसं नव्हेत; टेकडीखाली, जमिनीच्या पोटात राहतात. गुटगुटीत पोर दिसलं की नेतात आणि पाळण्यात त्याच तोंडवळ्याचं आपलं काहीतरी निजवून जातात.

"काहीतरीच काय बोलता, आई!" सोरका म्हणाली. पण पोराला घ्यायला तिने हात पुढे केले नाहीत. मी ते पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळताना ती एकटीच आली. बाहेर हिव पडत होतं.

"पोर कुठाय गं?" डिम्फ्नाने विचारलं.

"टेकडीवर. त्यांच्या काटेरी झाडाखाली." तिचा आवाज अगदी शांत होता. "आई म्हणाल्या, मागे वळून बघायचं नाही. अंधार पडला की ते त्यांचं नेतात आणि आपलं परत ठेवतात. तोवर बसते इथे."

डिम्फ्नाच्या तोंडचं पाणी पळालं. "पाऊण पौंडापायी? थांब, थांब. आपण नीट बघू." पौंडाचं वजन तर घरात उरलं नव्हतं. तिने फळीवर मागे राहिलेली दोन पौंडांची जुनी पुडी ओढून माझ्या एका पारड्यात टाकली आणि दुसऱ्यात किलोचं वजन.

किलोचं पारडं खाडकन खाली आपटलं.

"अगं माझ्या देवा! किलो जास्त आहे! किलोमागे तीन औंस हिशेबात मीच गिळले!" ती बोटांवर मोजू लागली. "बारा पौंडांच्या वर आहे तो, सोरका! उतरला नाही गं, वाढलाय!"

दोघी धावत सुटल्या. दार उघडंच राहिलं आणि काळोख आत आला. वारा अजिबात नव्हता. तरीही किलोचं जड पारडं सावकाश वर आलं आणि पुडीचं खाली गेलं, कुणी त्यावर हात टेकावा तसं. थोड्या वेळाने ते पुन्हा होतं तसं झालं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटली, मित्रांनो.

त्या परतल्या तेव्हा पोराचे ओठ निळे पडले होते. चोळल्या-शेकल्यावर ते हललं, तेव्हा डिम्फ्नाने त्याला माझ्या पारड्यात ठेवलं. बरोबर साडेपाच किलो. काटा मधोमध. डिम्फ्ना ओक्साबोक्शी रडू लागली.

पोराने डोळे उघडून आईकडे पाहिलं. ते रडलं मात्र नाही.

"म्हणजे मी ठेवून आले, तो आमचाच होता ना?" सोरकाने विचारलं.

"हो गं बाई, तुमचाच."

"मग आणलाय तो कोण?"

डिम्फ्नाने उठून उघडं दार लावून घेतलं.

फिंटन आता धिप्पाड गडी झाला आहे, स्वभावाने गरीब. तो दुकानात आला की सोरका दाराबाहेर उभी राहते आणि तो पाठमोरा असताना त्याच्याकडे बघत राहते. मित्रांनो, एका मापाचं दुसऱ्या मापात करताना घाई करू नका. आणि आकडा काहीही सांगो, आपलं पोर दाराबाहेर ठेवू नका. परत आत घेतलेलं पोर तुमचंच आहे हे सांगायला माझ्याकडे कुठल्याच मापाचं वजन नाही.