शेवटच्या पाण्याची हाक

मेलेल्यांना आंघोळ घालणारी न्हाणकाकू म्हणजे गल्लीची दवंडी; तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी वारले, तेव्हा पुरुषांचा न्हाणेकरी नेमका तापाने आडवा. घड्याळजींच्या म्हाताऱ्या बायकोने काकूलाच बोलावलं. पंचांनी नाकं मुरडली, पण म्हातारी हटूनच बसली.

दाराला आतून कडी लागली; आत काकू आणि म्हातारी दोघीच. काकूने घड्याळजींचा सदरा काढला, छातीवरची पट्टी सोडली आणि तिचे हात जागीच थांबले. घड्याळजी बाई होते.

चाळीस वर्षं! डोळ्याला भिंग लावून समोरच बसायचे, काकूच्या पोरांचे कान पिळायचे, आणि कुण्णाला म्हणून पत्ता नाही!

म्हातारीने सगळं सांगितलं. दोघी एकाच गिरणीत सूत काढायच्या. जीव जडला. लोकांना कळलं असतं तर जिवंत सोडलं नसतं. म्हणून एकीने केस कापले, आणि दोघी नवरा-बायको होऊन या गावात आल्या. आता बाहेरच्या पंचांना कळलं, तर प्रेत वेशीबाहेर आणि म्हातारी कोठडीत.

काकूने ती सुटलेली पट्टी हातात घेतली. तिच्या नवऱ्याने तेवीस वर्षांत तिच्यासाठी साधा पाण्याचा तांब्या भरला नव्हता. आणि इथे एक बाई दुसरीसाठी रोज सकाळी ही पट्टी आवळत होती. एवढी माया माणसात असते? काकूने नकळत मेलेलीच्या पायांना हात लावला.

शेवटचं पाणी नावाने हाक मारून घालायचं, आणि हाक दाराबाहेर ऐकू गेली पाहिजे, ही न्हाणाऱ्यांची रीत.

"मावशी, हिचं खरं नाव काय?" तिने विचारलं.

म्हातारी तिच्या कानात पुटपुटली. काकूने वाकून ते नाव मेलेलीच्या कानात घेतलं आणि पाणी घातलं. मग दाराकडे तोंड करून घड्याळजींना खणखणीत हाक मारली आणि उरलेलं पाणी ओतलं. अंग पुसलं, पट्टी पुन्हा बांधली, सदऱ्याची बटणं लावली.

ती कडी काढणार, तोच म्हातारी म्हणाली, "अजून एकदा घे ना गं ते नाव. चाळीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं."

बाहेर पंच दार ठोठावत होते. काकूने त्यांना थांबा म्हणून सांगितलं आणि ती म्हातारीजवळ येऊन बसली.