टाळ्यांनी पोट भरलेला टेपरेकॉर्डर

मी टेपरेकॉर्डर. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, आता जरा माझं ऐका.

जन्म कुठे झाला आठवत नाही. शुद्धीवर आलो तो बीडला, राधाकिशन नावाच्या रेडिओ वार्ताहराच्या खांद्यावर. गेवराईपासून परळीपर्यंत आम्ही एसटीने धूळ खाल्ली. मला पुढाऱ्याच्या नाकाखाली धरून तो असा प्रश्न टाकायचा की समोरच्याला घाम फुटायचा. त्याला स्वतःला घाम फुटायचा तो फक्त शांततेने. रेडिओवर कुणी क्षणभर गप्प बसलं, की ऐकणाऱ्याला वाटतं संच बिघडला.

मग दुष्काळ पडला. पाणी आटलं की पुढाऱ्यांना प्रसिद्धीची तहान लागते. सिरसाळ्याकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष सुंदरराव यांना जनसंपर्क अधिकारी हवा झाला. राधाकिशनची बायको गीताबाई म्हणाली, "जीप हाय, क्वार्टर हाय. आन् रोज कुनाशी भांडायचं न्हाई." तो कारखान्यात रुजू झाला.

तिथे मला एकच काम, टाळ्या भरून घेणं. राधाकिशन नवी भाषा शिकला. 'पाणी संपलं' म्हणायचं नाही. 'पुरवठ्याचं नियोजन प्रगतिपथावर आहे' म्हणायचं. माझी टेप लाजेने गुंतायची. तो ती पेन्सिलीने सोडवायचा आणि पुन्हा टाळ्या भरायचा.

कारखान्याने जनावरांची छावणी उघडली आणि पत्रकार परिषद बोलावली. त्या दिवशी सकाळी छावणीत म्हशी घेऊन आलेल्या दगडाबाईने त्याला अडवलं. "दादा, टँकर परवापासून न्हाई. साहेबाच्या उसात उभा हाय. म्हसरं जीभ काढून पडलीत."

"बघतो," तो म्हणाला. हा शब्दही कारखान्यातच शिकलेला.

परिषदेत भाषण संपवून सुंदररावांनी विचारलं, "काही प्रश्न?" पत्रकारांचं सारं लक्ष मागच्या खोलीतल्या मटणाच्या वासाकडे. कुणी बोलेना. पंखा तेवढा कुरकुरत होता. राधाकिशनचा तळवा माझ्या अंगावर ओला झाला. शांततेचं जुनं दुखणं उसळलं. त्याने मला अध्यक्षांच्या नाकाखाली धरलं आणि तोंडून निघून गेलं, "छावणीचा टँकर तुमच्या उसात कशासाठी उभा आहे?"

"राधाकिशन, तू आपला मानूस हायस ना बे?" सुंदरराव म्हणाले.

"हाय. टेप चालू हाय, बोला."

एक पत्रकार खिशातून पेन काढत म्हणाला, "माझाबी हाच प्रश्न होता."

सुंदरराव चाचरले. "चुकून गेला असल. आत्ता वळवतो." दुपारी छावणीत पाणी आलं.

नोकरी गेलीच असं समजून राधाकिशनने क्वार्टरमधलं सामान बांधलं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, 'अध्यक्षांची तत्परता, टँकर हजर'. सुंदररावांनी बोलावून त्याची पाठ थोपटली. "लई भारी जनसंपर्क. दर महिन्याला असाच एक प्रश्न विचारत जा. फक्त आदल्या दिवशी मला सांगून."

हाकललं असतं तर त्याला एवढं लागलं नसतं. जीपची किल्ली टेबलावर ठेवून, मला खांद्याला अडकवून त्याने गीताबाईसह बीडची एसटी धरली. घरी गीताबाईने अबोला धरला. तीही शांतता त्याला सोसेना. संध्याकाळच्या आत तिची माफी मागून मोकळा झाला.

आता माझं झाकण रबराने बांधलंय. तरी आम्ही पुन्हा गावोगाव हिंडतोय. कधी तुमच्या नाकाखाली आलो तर एवढंच करा, बोला. टाळ्या नकोत. त्यांनी माझं पोट भरलंय.