सगळं धरून

आत्या पुन्हा पडली. या वेळी एका बेटावर.

एका देशात पायाचा एक एक्स-रे काढायला जेवढे पैसे मोजावे लागतात, तेवढ्यात शेजारच्या देशात माणूस चार दिवस पलंगावर लोळू शकतो, नाश्ता धरून.

पाळण्यावर टांगायला आईनं विणलेले लोकरीचे मासे. शेवटच्याची शेपूट राहिलेली.

फोन होल्डवर टाकला की वाजणारा पियानो. तीन खंडांत तोच.

'ताई, आईचं काय ते आज सांग.' धाकट्या भावाचा मेसेज.

आत्याचा खुबा उजवा. नेहमी उजवाच.

ताईनं फोन खाली ठेवला, तक्त्यात बेटापुढे खर्चाचा आकडा भरला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"आज कुठे आपटल्या आत्याबाई?" शेजारच्या टेबलावरून नकाशेवाल्यानं विचारलं.

"बेटावर. ओल्या फरशीवर."

"या बाईंना घरी बसवा आता."

"त्या घरी बसल्या तर आपणही घरी बसू."

ताईला खरं तर आत्या नव्हतीच. परदेशी फिरायला किंवा राहायला जाणारे लोक, तिकडचं हॉस्पिटल किती खिसा कापेल हे ज्या वेबसाइटवर बघायचे, तिथले आकडे ती गोळा करायची. ते आकडे नकाशेवाला रंगवायचा. महाग देश लाल, स्वस्त हिरवे. कंपनीचं नाव सांगून विचारलं की हॉस्पिटलवाले एखादं गुळगुळीत माहितीपत्रक पाठवून मोकळे होत. म्हणून ताईनं ही आत्या जन्माला घातली. वय अडुसष्ट, खुबा मोडलेला, बाकी ठणठणीत. सगळीकडे तीच बाई, तेच हाड, म्हणजे तुलना चोख. घाबरलेल्या भाचीचा आवाज तिच्या गळ्यात इतका मुरला होता, की फोन लावताना तिचा हात आपोआप छातीवर जायचा. आकडा आला की ती म्हणायची, "सगळं धरून सांगा हं."

धाकट्याचा देश नकाशावर गडद लाल होता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि आईला तिकडे जायचं होतं. आई सत्तरीच्या पुढची. मागच्या वर्षी हृदयात स्टेंट बसवलेली. साधा प्रवासी विमा असल्या जुन्या दुखण्याला हात लावत नाही, हे ताईपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार. महिनाभर ती विषय टाळत होती. आज सकाळी आईनंच गाठलं.

"तुझ्या त्या तक्त्यात माझा रकाना कुठला गं?"

"आई, ऑफिसला उशीर होतोय."

"मी काय तिकडे आजारी पडायला चाललेय? नातवंड बघायला चाललेय."

"ठरवून कोणी आजारी पडत नाही."

"मग इथेही पडेनच की."

"इथे मी आहे."

"तिथे तो आहे. त्यालाही मीच जन्म दिलाय, रस्त्यावरून उचलून नाही आणला." आईनं लोकरीचा गुंडा पिशवीत कोंबला. "तू नको म्हणालीस तर नाही जाणार. पण तोंडानं म्हण. असं गप्प राहून अडवू नकोस."

ताई गप्पच राहून घराबाहेर पडली होती.

दुपारी नकाशेवाला डबा घेऊन उठला तसा तिनं धाकट्याच्या गावातल्या हॉस्पिटलचा नंबर फिरवला. या वेळी हात छातीवर गेला नाही. पलीकडे बिलाच्या काउंटरवरची बाई होती, वाक्याच्या मध्येच दम खाणारी. ताईनं वय सांगितलं, स्टेंट सांगितली, मग जरा थांबून म्हणाली, "अचानक काही झालं, तर किती? सगळं धरून सांगा."

पलीकडे कीबोर्डची टकटक थांबली.

"आत्या पडल्या होत्या ना तुमच्या?"

ताईच्या बोटांतलं पेन टेबलावर आडवं झालं.

"गेल्या हिवाळ्यात," बाई म्हणाली. "लोक नेमकं उलट विचारतात, कमीत कमी किती म्हणून. सगळं धरून म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच. त्यांना आणलंच नाहीत मग. मी वॉर्डात सांगून ठेवलं होतं, खिडकीजवळचा पलंग बघा म्हणून. दोन दिवस येता-जाता दाराकडे बघत होते."

ताईनं पेन पुन्हा उचललं. "दुसरीकडे नेलं."

"चालतात का आता?"

"चालतात," ताई म्हणाली. आणि ते पुरेसं वाटेना म्हणून, "काठी घेऊन. पण जिनासुद्धा चढतात."

"बरं झालं. खुब्यातून बाई उठली की निम्मं घर उठतं. आणि आज कोणाचं?"

"आईचं." ताईचा आवाज एकदम तिचा स्वतःचा निघाला. "काही झालेलं नाही. तुमच्या गावात यायचं म्हणतेय. भावाला बाळ होणार आहे."

"अच्छा." बाईनं दम खाल्ला. "आकडा सांगते, पण तो मोठा आहे. खोटं कशाला बोलू."

तिनं सांगितला. खरंच मोठा होता. ताईनं तो लिहून घेतला नाही.

"ऐकताय ना? इथे दारात आधी माणूस बघतात, मग कागद. पैशाचं मागाहून बोलता येतं, हप्ते पाडता येतात. सोपं नसतं, पण लोक करतात. माझी आईही परदेशातूनच आलेली, मला रोज हाच हिशेब करावा लागतो." मागे कोणीतरी तिला हाक मारली, ती 'आले, आले' म्हणाली आणि पुन्हा फोनवर आली. "तुमच्या आईला इथे यायची वेळ येऊच नये. आली, तर काउंटरवर माझं नाव सांगू देत. लिहून घ्या."

तिनं नाव सांगितलं, अक्षर अक्षर करून. समोर तक्ता उघडाच होता. त्यात हे घालायला जागा नव्हती. ताईनं ते डाव्या तळहातावर लिहिलं.

नकाशेवाला डबा धुऊन परत आला. "आत्याबाई?"

"बऱ्या आहेत," ताई म्हणाली. "जिना चढतात."

तो खुर्ची ओढून बसला.

मग तिनं धाकट्याला मेसेज केला. 'जुन्या दुखण्यासकट विमा मिळतो. हप्ता कंबरडं मोडणारा आहे. अर्धा तू, अर्धा मी.' त्याचं उत्तर येण्याआधीच आणखी एक पाठवला. 'विमानतळावर वेळेत पोच. तिला ताटकळत ठेवू नकोस.'

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं एकाच हातानं चहा टाकला, डावा मुठीत मिटून. आई खिडकीपाशी विणत बसली होती. सकाळचं काही काढायचं नाही, असा चेहरा करून.

"हाताला काय झालं गं?"

"काही नाही. आई, बॅगेत स्वेटर वरतीच ठेव. विमानातही गार असतं."

सुया थांबल्या. आईनं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"आणि तुझा तो लाल रंग?"

"आहे तसाच आहे." ताईनं कप तिच्यापुढे ठेवला, समोर बसली आणि तळहात उघडून धरला. "हे वाच. पाठ कर. रोज एकदा म्हणून दाखवायचं मला."

आईनं तिचा हात जवळ ओढून उजेडात नेला. ओठ हलवत तिनं ते परकं नाव एकदा म्हटलं. चुकली. ताईनं दुरुस्त केलं. तिनं पुन्हा म्हटलं.

तिकीट आईनं ताईला न सांगता मागच्याच महिन्यात काढलं होतं, सवलतीतलं, रद्द केलं तर दमडीही परत न मिळणारं.