ते माझं गाणं नव्हतं

मित्रांनो, मी एका जुन्या व्हॅनच्या इंजिनाचा पट्टा आहे. काळ्या रबराचा, पोटाला खाचा आणि पाठ गुळगुळीत. आता शेडमधल्या खिळ्यावर लोंबकळतोय.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी भलताच ऐटीत होतो. मी फिरलो तरच पाण्याचा पंप फिरणार, मी फिरलो तरच बॅटरी भरणार. व्हॅन ज्या घरची, तिथली आई त्या व्हॅनमधून दवाखान्यांचे धुतलेले कपडे पोचवायची. "इंजिन कसं घड्याळासारखं चालतं," असं ती म्हणाली की मी मनातल्या मनात फुगायचो.

चौथ्या वर्षी मी झिजलो आणि घसरताना किंचाळू लागलो. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गल्लीच्या तोंडाशी माझा आवाज आला की ते नातीला सांगायचे, "आली गं तुझी आई," आणि चाचपडत कडी काढायला उठायचे. एकदा आईने माझ्यावर साबणाची वडी फिरवली. मी दोन दिवस गप्प, तर आजोबा कासावीस. "राहू दे, बाबांना कळतं तरी," आई म्हणाली. असं माझं दुखणं त्या घराची घंटा झालं.

चार महिने थांबल्यावर आजोबांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. सकाळी आठला, दोन तासांच्या रस्त्यावर. नेमका आदल्या दुपारी बॅटरीचा लाल दिवा लागला. नातीने बॉनेट उघडून मला वाकवलं.

"आई, ह्याला भेगाच भेगा आहेत. कडेचे धागेपण सुटलेत."

"गॅरेजवाला सोमवारी या म्हणतोय."

"सोमवारी काय, दवाखान्यात पाहुणे म्हणून जायचंय? ऑपरेशन उद्या सकाळी आहे."

आईने दुकानातून नवा पट्टा आणला. मला ताणून धरणारं चाक, म्हणजे पुली, पान्याने सैल करून मला ओढून काढलं. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तू चित्र काढलंस ना, हा कुठून कसा जात होता त्याचं?" आईने विचारलं.

"मला वाटलं तू काढलंस."

"छान. दोघीही हुशार."

पाच पुल्या, आणि मधून सापासारखी वाट. तासभर झटल्या, पण नवा पट्टा वीतभर आखूडच पडायचा. "दुकानदाराने चुकीचा दिला," आई रडवेली झाली. दुकान तर बंद झालेलं. मित्रांनो, वाट मला ठाऊक होती, पण मला तोंड कुठे?

नात मला मांडीवर घेऊन बोट फिरवू लागली. "आई, ह्याची पाठसुद्धा घासून चकाकलीय. म्हणजे एक पुली पाठीवरून फिरत होती. बिनखाचांची एकच आहे बघ."

त्या पुलीला पाठ लावली आणि नवा पट्टा चपखल बसला.

"झाली का गाडी सुरू?" आजोबांनी दारातून विचारलं.

"केव्हाची सुरू आहे, बाबा."

आजोबांनी कान लावला; माझी किंचाळी कुठेच नव्हती.

ऑपरेशननंतर आठवड्याने ते काळा चष्मा लावून एकटेच शेडमध्ये आले. मला खिळ्यावरून काढून उजेडात धरलं आणि एकेक भेग पाहिली. "इतका फाटला होतास," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरातही काहीतरी रोज कुरकुरत असेल. कदाचित कोणीतरी. त्या आवाजाची सवय होण्याआधी उठा आणि जवळ जाऊन बघा.

आजोबांनी मला परत टांगलं, बॉनेट उघडलं आणि नव्या पट्ट्यावर वाकले.