तोंडातली जटा

इंदूरजवळच्या बेटम्याच्या अलीकडे मेन रोड सोडून आत वळलं की दर गुरुवारी सकाळपासून गाड्यांची रांग लागलेली असते. शेताच्या मधोमध पत्र्याचा मोठा मांडव, बाहेर पोह्यांचे ठेले, आत कूलर आणि पुढे पांढऱ्या गादीवर जटेश्वरी माई. त्या गुरुवारी माईंनी अशोक पागनीसांना पुढे बोलावलं, हातात एक कडक पेरू दिला आणि खायला सांगितलं. अशोकभियांनी असा लचका तोडला की कर्रकन आवाज माइकमधून सगळ्या मांडवाने ऐकला.

“डाक्टर बोले थे, इसका जबडा काटना पडेगा,” माई म्हणाल्या. “पर डाक्टर काटे, माई उगाए.”

मग माईंनी त्यांना आ करायला लावलं. एका चेल्याने मोबाइल तोंडाजवळ धरला आणि आतलं चित्र मोठ्या पडद्यावर दिसू लागलं. खालच्या दातांच्या आतल्या बाजूला, ओल्या कातडीवर, काळे केस उगवले होते.

“जटा,” माई म्हणाल्या. “जहाँ माई का हाथ लगा, वहाँ जटा फूटी.”

बायका डोळे पुसू लागल्या. कृपा करायची तर ती तोंडात केस उगवून का करावी, हे कुणी विचारलं नाही. जिभेला सारखे केस लागत असतील तर त्या माणसाला घास कसा गोड लागत असेल, हेही नाही.

तिसऱ्या रांगेत सुनंदा लांभाते बसली होती. तिचं लक्ष केसांकडे नव्हतं, अशोकभियांच्या हनुवटीकडे होतं. सरळ, भरलेली, दोन्ही बाजूंनी सारखी हनुवटी. ती पाहताना सुनंदा आतून जळत होती.

इंदूरच्या सुदामा नगरात लांभाते आणि पागनीस यांची घरं समोरासमोर आहेत. सुनंदाचे यजमान संताजी महूच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचे. शाळेत शिस्तीचे, पण खिशात कायम गुटख्याचा पाउच. काही वर्षांपूर्वी त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. जिथे ऑपरेशन झालं तिथे जबडा काढण्याची सोय होती, नवा बसवण्याची नव्हती. संताजी वाचले, पण हनुवटी एका बाजूला ओढली गेली, लाळ आवरेना, बोलणं कुणाला कळेना. वर्गभर आवाज घुमवणारा माणूस घरात खुणा करू लागला. त्या खुणाही हळूहळू कुणी नीट पाहीना.

आणि मागच्या वर्षी समोरच्या अशोकभियांचा गाल सुजला. ते काही महिने दिसेनासे झाले. माईंच्या आश्रमात आहेत, असं त्यांच्या बायकोने, अमितावहिनींनी, सगळ्यांना सांगितलं. परत आले ते थोडे बारीक होऊन, पण अख्ख्या चेहऱ्याने. हळूहळू दातही आले. सकाळी गॅलरीतून ते “अमिता, चहा आण ना” अशी हाक मारायचे आणि ते स्वच्छ शब्द रस्ता ओलांडून सुनंदाच्या स्वयंपाकघरात यायचे. ती खिडकी लावून घ्यायची. अमितावहिनी कधी भुट्ट्याचा कीस, म्हणजे किसून परतलेला मका, पाठवायच्या. संताजींसाठी तो मिक्सरमधून फिरवताना सुनंदाला वाटायचं, हिने मुद्दामच पाठवलाय. तिच्या नवऱ्याला दात आहेत हे मला कळावं म्हणून.

देव एकाच गल्लीत असा दुजाभाव करतो, याचं दुःख तिला नवऱ्याच्या आजाराहून जास्त छळू लागलं.

अशात मुलाचं, देवांशचं, तोंड नीट उघडेना. तोही बापासारखाच पाउचवाला. गालाच्या आत एक फोड होता, भरत नव्हता. इंदूरच्या एका हॉस्पिटलात डॉ. ऋजुता कर्वे यांनी तुकडा काढून तपासला आणि स्पष्ट सांगितलं, कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा. आत्ता केलं तर गालाचा भाग जाईल, जबडा वाचेल.

सुनंदाने फक्त जबडा हा शब्द ऐकला. तिच्या डोळ्यांपुढे संताजींचा चेहरा आला आणि लगोलग अशोकभियांचा. ती देवांशला म्हणाली, “अमिताला जे मिळालं ते मी पण घेऊन दाखवीन. तू माईंकडे चल.” देवांश ऑपरेशनला घाबरलाच होता, तो निमूट निघाला.

माईंनी त्याला परातीवर वाकवलं. खाली पाणी, शेजारी निखाऱ्यावर कसलंसं बी तुपात जळत होतं. त्यावर पालथं मडकं आणि मडक्याच्या भोकातून एक नळी देवांशच्या तोंडात. धुराने तो खोकला, डोळ्यांतून पाणी आलं. माईंनी मडकं उचलून परातीत विसळलं आणि पाण्यावर पांढरे, वळलेले, इवलेसे कीडे तरंगले.

“कीड़ो निकली ग्यो,” माई म्हणाल्या. “जड अभी बाकी है. गुरुवार करते रहो.”

ते गुरुवार करत राहिले. कीडे दर वेळी निघत होते आणि फोड दर वेळी थोडा मोठा होत होता. सुनंदाला वाटलं, अमिताने माईंना काहीतरी वेगळं वाहिलं असणार आणि ती ते आपल्याला सांगत नाही. तिने एकदा तोंडावर विचारलंही. अमितावहिनी नजर चुकवून म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही देवांशला डॉक्टरला पण दाखवत राहा ना.” सुनंदाला तोही कावा वाटला.

संताजी हे सगळं बघत होते. त्यांनी कितीदा काही सांगायचा प्रयत्न केला, पण सुनंदा “अहो, नंतर” म्हणून उठून जायची. शेवटी एका दुपारी ते स्वतःच बाजारात गेले आणि जडीबुटीच्या दुकानातून भुईरिंगणीचं बी, दाताचे कीडे काढणारे जाळतात तेच, घेऊन आले. त्यांनी तवा तापवला, बी तुपात भाजलं, वर एक ओला वाडगा पालथा घातला. धूर निवल्यावर सुनंदाला हाताला धरून आणलं आणि वाडगा तिच्यासमोर पाण्यात विसळला. पाण्यावर पांढरे, वळलेले, इवलेसे कीडे तरंगले.

एक एक अक्षर जुळवत संताजी म्हणाले, “इथे… तोंड… कुणाचं… होतं?”

हा प्रश्न तिला पहिल्या फटक्यात कळला. बी तापलं की फुटतं, आतला कोंब बाहेर उडतो आणि मडक्याला चिकटतो. कीडा म्हणजे तोच. कुणाच्या तोंडाशी त्याचा काही संबंध नाही. सुनंदाने ते पाणी मोरीत ओतलं. पण तिची आग अजून विझली नव्हती.

“कीडे खोटे असतील,” ती म्हणाली. “अशोकभियांचा जबडा खोटा आहे का?”

संताजींनी नाही अशी मान हलवली. डॉक्टरांना विचार, अशी त्यांनी खूण केली.

दुसऱ्या दिवशी ती देवांशला घेऊन डॉ. ऋजुतांकडे गेली. तपासताना त्यांचा चेहरा उतरला. रोग हाडात शिरला होता. आता गालाबरोबर जबड्याचाही तुकडा काढावा लागणार होता. मग डॉक्टरांनी टेबलावर प्लास्टिकचा एक जबडा ठेवला. पेशंटच्या स्कॅनवरून असा हुबेहूब नमुना छापून घेतात, त्यांनी सांगितलं. पायाच्या पोटरीत दोन हाडं असतात. भार जाड हाडावर असतो, बाहेरच्या बारीक हाडाचा मोठा भाग काढला तरी माणूस चालू शकतो. ते हाड रक्तवाहिन्यांसकट काढायचं, नमुन्याप्रमाणे कापून जबड्याच्या आकारात जोडायचं आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून जिवंत ठेवायचं. काढणं आणि बसवणं एकाच ऑपरेशनमध्ये. पुढे सगळं नीट राहिलं तर त्यात दातही बसवता येतात.

“आणि तोंडाच्या आतली कातडी?” सुनंदाने विचारलं.

“ती पण बहुतेक पायाचीच. त्या हाडाबरोबरच येते.”

“मग तिच्यावर केस येत असतील.”

“येतात ना, विशेषतः पुरुषांना,” डॉक्टर म्हणाल्या. “पायाची कातडी तोंडात गेली तरी पायाचीच राहते. पेशंट वैतागतात, मग आम्ही ते काढून देतो.”

सुनंदाने पेरू खाणाऱ्या माणसाबद्दल विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाविषयी बोलायला नकार दिला. गरजही नव्हती. पोटरीचे केस. मांडवभर बायका पोटरीच्या केसांना हात जोडून रडत होत्या.

तिला हसू यायला हवं होतं. आला तो संताप. म्हणजे अमिताकडे कृपा नव्हती, पत्ता होता. चांगल्या डॉक्टरचा पत्ता. आणि तो तिने रस्त्यापलीकडे सांगितला नाही.

देवांशच्या ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधी आलेल्या गुरुवारी सुनंदा नवरा आणि मुलाला घेऊन मांडवात गेली. माईंनी अशोकभियांना पुढे बोलावलं, पेरू दिला. तेवढ्यात सुनंदा उठली आणि देवांशला घेऊन थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“अशोकभिया, याचा गाल बघा. तुमच्याकडे बघून मी याला इथे आणत राहिले. आता याचा जबडा जाणार आहे. तुम्ही कुठे गेला होता ते याला सांगा. नाहीतर पँट वर करून पोटरी दाखवा.”

चेले पुढे सरसावले. अशोकभियांनी त्यांना हातानेच थांबवलं. ते देवांशच्या गालाकडे बघत होते. हा मुलगा त्यांच्या अंगणात क्रिकेट खेळून मोठा झाला होता. त्यांनी पेरू खाली ठेवला, वाकून पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पोटरीच्या बाहेरच्या बाजूला गुडघ्याखालून घोट्याकडे एक लांब व्रण गेला होता.

“मुंबईला झालं ऑपरेशन,” ते माइकवर म्हणाले. “आमच्या मुलीचं, शर्वरीचं, लग्न ठरत होतं. घरात कॅन्सर आहे कळलं तर स्थळ मोडेल, म्हणून आश्रमाचं नाव सांगितलं. मग माईंनी मला इथे उभं केलं आणि मला नाही म्हणता आलं नाही.”

माई डगमगल्या नाहीत. “हड्डी डाक्टर की, पर चिपकाई माई ने,” त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी हसलं.

तेव्हा संताजी उठले. त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला आणि सावकाश बोलू लागले. मांडवाला काही कळेना. सुनंदा त्यांच्या ओठांकडे बघत, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांचं बोलणं मोठ्याने लोकांना सांगू लागली. “हे म्हणतात, आज परातीवर कुणाला बसवू नका. नुसता धूर करा. कीडे पडले तर ते कुणाच्या तोंडातले, हे माईंनी सांगावं.”

माईंना एकाएकी समाधी लागली आणि दर्शन बंद झाल्याचं जाहीर झालं. अर्धे लोक उठले, अर्धे समाधी उतरायची वाट बघत बसले.

देवांशचं ऑपरेशन पार पडलं. जबड्याचा तुकडा गेला, त्याच्या जागी त्याच्या पायाचं हाड बसलं. पुढे किरणांचे उपचार झाले, तपासण्या अजून चालू आहेत आणि रोग परत येणार नाही याची हमी कुठलाच प्रामाणिक डॉक्टर देत नाही. पण तो बोलतो, त्याचं बोलणं कळतं आणि मऊ वरणभात तो आपल्या हाताने खातो. अमिताच्या घरात जे होतं ते आपल्या घरात यावं, असं सुनंदाला वाटत होतं. ते आलं. वेळेवर गेली असती तर त्याची गरजच पडली नसती, हे ती रोज मुलाच्या ताटाकडे बघताना आठवते. अमितावहिनींशी तिचं बोलणं सुरू झालंय, पण अजून मोजकंच.

तोंडातला फोड दोन आठवड्यांत भरला नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीसारखं उघडेना, तर सरळ डॉक्टरांना दाखवा. पाउच आजच सोडा. कुणी कीडा काढून दाखवला तर तुमचं तोंड बाजूला ठेवून काढायला सांगा. आणि बरे झालात तर कुठे, कशाने झालात ते शेजाऱ्याला सांगा. तुम्ही लपवलेल्या उपचाराचं श्रेय घ्यायला कुणीतरी माई टपूनच बसलेली असते.