खिळ्यावरचा नान

आमच्या घरात सिनेमा काढायला ताश्कंदहून माणसं आली तेव्हा मी त्यांना एकच अट घातली. किटली घ्या, गाद्या घ्या, डाळिंबाच्या झाडाखाली हवा तेवढा धुडगूस घाला, पण बैठकीच्या भिंतीवर नान टांगलाय त्याला हात लावायचा नाही. दिग्दर्शक म्हणजे एक पोरगेलीशी बाई होती, केस कापलेले, पायात पुरुषी बूट. ती म्हणाली, "आपा, आम्हाला असाच नान दाखवायचाय सिनेमात." मी म्हटलं, "मग तुमचा तुम्ही भाजा. तंदूर अंगणात आहे."

नान माझ्या मुलाचा, इल्होमचा. रशियाला कामाला निघताना त्याने उंबऱ्यात उभं राहून दातांनी त्याचा एक घास तोडला आणि उरलेला मी खिळ्याला टांगला. जाणारा परत येतो आणि उरलेला खातो, असा आमच्यात रिवाज. दुसऱ्या कुणी तो खायचा नाही. लष्करात गेलेल्यांचे नान वर्ष-दोन वर्षांत उतरतात. इल्होमचा सात वर्षं टांगलेला होता, वाळून खापर झाला होता. दर शुक्रवारी मी त्याच्याखाली बसून दुवा मागत असे, की बाबा, हा घास घेणाऱ्याला त्याच्या घरी परत आण.

घरात आम्ही दोघीच, मी आणि सून नफोसत. इल्होम गेला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं, मूल नाही. नफोसत शिवणकाम करते, हात असा की अख्ख्या मार्गिलान शहरातून नवऱ्या मुलींची कापडं तिच्याकडे येतात. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, "होसियतआपा, सून नव्हे, सोनं मिळालंय." मी वरवर नाक मुरडायची, पण भीती एकच होती. ही उद्या भावाकडे निघून गेली तर ह्या घरात मी आणि किटली. म्हणून सिनेमाची गोष्ट मोडणाऱ्या संसाराची आहे हे कळलं तेव्हा मला ते आवडलं नाही. जी आधीच दाराकडे बघत असेल तिला वाट कशाला दाखवा.

पण घर देऊन बसले होते. सामान सांभाळायला गेन्नादी नावाचा एक जाडा रशियन होता. त्याने माझ्या तंदूरातला एक नान घेतला, स्वतः त्याचा घास तोडला, गच्चीवर वाळवला आणि शेजारच्या खोलीत टांगला. तिथे त्यांचं शूटिंग चाललं. शेवटच्या दिवशी मी बहिणीकडे लग्नाला गेले होते. आले तेव्हा सगळे गेलेले, अंगण झाडलेलं आणि माझा नान माझ्या खिळ्यावर होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, खिळा उंच. मी खालूनच हात जोडले.

सिनेमा तयार होऊन आला वसंतात. रविवारी दुपारी संस्कृती भवनात फक्त आमच्या मोहल्ल्यासाठी दाखवणार होते. सगळे नटूनथटून आले. साबोहतने पिशवीभर सूर्यफुलाच्या बिया आणल्या. ती आमची भिंतीला भिंत लागून शेजारीण, जिभेला हाड नाही. माझ्या एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला नफोसत.

पहिला अर्धा तास कुणी गोष्ट पाहिलीच नाही. "अगं, ही आपली गल्ली." "तो बघ रहमतचा खोंड." पडद्यावर नवरा सात वर्षांनी परदेशाहून परत येतो, बायको दार उघडते, दोघं एकमेकांकडे बघत राहतात, आणि मागून तुर्गुन अकांचा आवाज आला, "माझं फाटक बिनरंगाचंच दाखवलंय. मी म्हटलं होतं ह्यांना, दोन दिवस थांबा." तुर्गुन अका म्हणजे तुर्गुनदादा, मोहल्ल्याचे प्रमुख. त्यांना कुणी गप्प करत नाही.

मग हळूहळू लोक गोष्टीत शिरले. पडद्यावरचा नवरा वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. मारत नव्हता, पीत नव्हता. नुसता बसायचा, फोनकडे बघायचा, आणि बायको काही बोलली की "हं" म्हणायचा. बायका नवऱ्याच्या नावाने बोटं मोडू लागल्या. पुरुष म्हणाले, दमून आलाय, त्याला दोन दिवस झोपू तर द्या. "सात वर्षं इथे ती काय झोपली होती?" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. एक म्हातारा म्हणाला, मूल झालं असतं तर सगळं ठीक झालं असतं. साबोहतने त्यावर मान डोलावली आणि हळूच नफोसतकडे पाहिलं. नफोसत समोर बघत होती.

मग तो चहाचा प्रसंग आला. बायकोने माझ्याच किटलीतून चहा ओतायला घेतला. आमच्यात मानाच्या माणसाला प्याल्यात दोन घोट ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतं, माणूस बसून राहतो. ती ओतत गेली. अर्ध्यावर थांबली नाही. प्याला काठोकाठ भरला आणि तिने तो नवऱ्यापुढे ठेवला. बिया फोडायचे आवाज बंद झाले. इतका वेळ फाटक फाटक करणारे तुर्गुन अकासुद्धा "तौबा" म्हणाले. एवढं भरलेलं ओतलं म्हणजे उठा आणि चालू लागा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नवऱ्याने प्याल्याकडे पाहिलं, न पिता उठला आणि बॅग उचलली.

तो गेल्यावर बायकोने खुर्ची ओढली, भिंतीवरचा नान काढला आणि मांडीवर घेतला. कॅमेरा जवळ जवळ गेला. पडदाभर नान, आणि मधोमध त्या घासाची खूण.

इल्होमचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला आहे. शाळेत असताना दाताने अक्रोड फोडायला गेला होता. तो काहीही चावला की मधे एक उंचवटा राहायचा, सफरचंद असो की खरबूज. तो उंचवटा माझ्यापुढे माणसाच्या उंचीचा उभा होता. मोतीबिंदू असला तरी तेवढं दिसतं.

पडद्यावरच्या बाईने नान हातांनी मोडला, चहात बुडवला आणि खाल्ला. मागे बायका हुंदके देत होत्या. साबोहत डोळे पुसत माझ्या कानाशी लागली, "मनाला लावून घेऊ नका, आपा. हा सिनेमातला नान आहे. तुमचा घरी आहे." मी मान वळवली. उजवीकडे नफोसतचे हात मांडीवर होते, एकात एक घट्ट गुंतवलेले.

दिवे लागले. दिग्दर्शक पोरगी पुढे आली आणि म्हणाली, काय वाटलं ते मोकळेपणाने सांगा. मोहल्ल्याला हे सांगायची गरजच नव्हती. कुणी म्हणालं, तिने भावाला मधे घालायला हवं होतं. कुणी म्हणालं, शेवटी तो परत येतो असं दाखवा, अजून वेळ गेलेली नाही. तुर्गुन अका फाटकाबद्दल पुन्हा बोलले. मग कुणीतरी म्हणालं, घरमालकिणीला बोलू द्या. मी उठले.

"किटली चांगली दिसली," मी म्हटलं. "मला एकच विचारायचंय. तो नान खरंच कुणी खाल्ला का?"

"नाही हो, आपा. आमच्या नटीबाईंना चावेचना. थोडा तोंडात धरून रुमालात काढला." सभागृहात गलका झाला. अन्न थुंकायचं म्हणजे काय. पोरगी गडबडली, घाईघाईने म्हणाली, "वाया नाही घालवला. उरलेला सगळा नफोसतताईंनी मागून घेतला. आणि हो, गेन्नादीने तुम्हा सगळ्यांना सलाम सांगितलाय. त्याला यायचं होतं, पण आमची एक आनंदाची बातमी आहे. बायकोशी भांडून तो घर सोडून आला होता, आता दोघांचं जुळलं. तो हिवाळ्यातच घरी परत गेला. आता हलायचं नाव घेत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवट त्यांना हवा तसा झाला होता.

आम्ही दोघी तडक घरी आलो. आल्या आल्या मी स्टूल ओढलं आणि डोक्यावरचा रुमालही न सोडता वर चढले. नफोसतने स्टूल धरलं. खिळ्यावरच्या नानाची खूण मी बोटाने चाचपली. गोल, गुळगुळीत, बत्तीशी शाबूत असलेल्या माणसाची.

"तो इल्होमचा होता," मी वरूनच म्हटलं.

"हो, आई."

"मी अट घातली होती."

"त्यांनी नाही मागितला. मीच दिला. गेन्नादीचा नान खोटा वाटतोय म्हणून सगळे डोकं धरून बसले होते, तेव्हा मी आपलाच काढून दिला. तुम्ही खाली उतरा आधी."

मी उतरले. "कुणाला विचारून?"

"इल्होमलाच," ती म्हणाली. "शूटिंगच्या आधी, उन्हाळ्यात फोन आला होता त्यांचा. म्हणाले, काढून टाक तो नान, मी येत नाही. रशियातच, तुला नावाच्या शहरात घर केलंय त्यांनी. बाई आहे. मुलगा आहे, चालायला लागलाय."

मी गादीवर बसले. मला नातू होता आणि तो चालत होता, आणि मला हे सिनेमामुळे कळत होतं. "मला का नाही सांगितलंस?"

"ते म्हणाले, मी सांगतो आईला. दर फोनला वाट बघत होते मी. तुम्ही दर शुक्रवारी तिथे बसून दुवा मागता. मी कुठल्या तोंडाने सांगू? आणि सांगितल्यावर मी इथे कोण? म्हणून दुसरा टांगला, म्हटलं, भिंत तरी रिकामी नको."

"आणि उरलेला?"

"मी खाल्ला. रोज थोडा, चहात भिजवून. टाकता थोडाच येतो." ती स्टुलाच्या कडेवर टेकली. "वाईट लागत होता, आई. सात वर्षांचा होता."

मी रडले. माझ्या पोटचा गोळा आहे तो, रडू येणारच. तीही रडली, पण भिंतीकडे तोंड करून, सुनेने रडावं तसं. मग मला एक गोष्ट सुचली आणि मी डोळे पुसले.

"म्हणजे हा वरचा गेन्नादीचा?"

"हो."

"म्हणजे सगळा हिवाळा मी त्या जाड्यासाठी दुवा मागितली. हा घास घेणाऱ्याला त्याच्या घरी परत आण."

नफोसतने वळून पाहिलं. "आणि तो गेला," ती म्हणाली.

आधी तिला हसू फुटलं, मग मला. साबोहतने भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं. मी गेन्नादीचा नान काढून आणायला सांगितला. ज्याला परत जायचं होतं तो घरी पोचला, नानाचं काम झालं. आम्ही तो चहात भिजवून खाल्ला, एकदम बेचव होता. नफोसत ओतत होती आणि मी चोरून प्याल्याकडे बघत होते. प्रत्येक वेळी दोनच घोट ओतले तिने, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"ताश्कंदला बोलावतायत मला," ती प्याल्याकडे बघत म्हणाली. "सिनेमाचे कपडे शिवायला. कार्यशाळा आहे त्यांची, राहायला खोली आहे. मी हो म्हटलेलं नाही."

"का नाही म्हटलंस?"

"तुम्ही एकट्या."

सात वर्षं ज्याला भीत होते ते समोर येऊन बसलं होतं, माझ्याच किटलीतला चहा पीत. ती माझ्याकडे बघत होती. मी नको म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे मला दिसत होतं. रोज मशीनवर बसली असती, शुक्रवारी माझ्या मागे उभी राहिली असती. माझा मुलगा फोनवर नान काढून टाक म्हणाला, आणि ही तो बेचव तुकडा रोज गिळत बसली होती. मी म्हटलं, "पीठ भिजव. सकाळी तंदूर पेटवायचाय."

सकाळी मी स्वतः नान भाजला, भरपूर तीळ लावून. ती बॅग घेऊन उंबऱ्यात आली तेव्हा मी तो तिच्यापुढे धरला. तिला कळेना. सुनेला सासरच्या उंबऱ्यात नान कुणी धरत नाही.

"घास तोड," मी म्हटलं. "आणि परत येऊन बाकीचा संपव. ह्यावेळी सात वर्षं लावलीस तर मीच खाईन."

तिने घास तोडला. चावताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण तिने तो नीट चावून गिळला. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. मग आत येऊन स्टुलावर चढले आणि नान खिळ्याला टांगला.

दुपारी साबोहत आली. तिने वर पाहिलं, नाक ओढलं, तीळ ताजे आहेत हे तिला वासानेच कळलं. "हा कुणाचा?"

"नफोसतचा."

"सुनेचा?" ती गादीवर ऐसपैस बसली; कालचं सगळं तिने भिंतीला कान लावून ऐकलेलं दिसत होतं. "नवऱ्याने टाकलेली सून एकदा बाहेर पडली की परत येते होय कधी? उगाच खिळा अडवलात, आपा. भिंतीची शोभा घालवलीत. काल सिनेमा बघूनही कळलं नाही तुम्हाला?"

मी किटली उचलली आणि तिचा प्याला काठोकाठ भरला.