बर्फवाल्याचा सल्ला

सुदेशला बर्फातलं कळतं, हे त्यांच्या घरात वेदवाक्य होतं. दुबईतल्या रास अल खोर भागातल्या बर्फाच्या कारखान्यात त्याची एकोणीस वर्षं गेली. लादीवर नुसता हात फिरवून ती कधीची ते सांगायचा. कुणी सल्ला विचारला की स्वारीची छाती फुगायची. तेवढंच सुख बिचाऱ्याला.

ईदच्या सुट्टीत धाकटा भाऊ नीलेश ऑफिसच्या मंडळींबरोबर जॉर्जियाच्या डोंगरात गेला होता. दुपारी त्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, सकाळी बर्फ कडक होता. आता ऊन चढलंय, वरून ओला झालाय, पाय गुडघ्यापर्यंत जातोय. मध्येच खालून धप्प आवाज येतो. गाईड म्हणतो, स्लोप डेंजर आहे, रिटर्न. अरे, टॉप समोर दिसतोय! तू बर्फवाला, तू सांग."

सुदेशने क्षणभरही विचार केला नाही. "लादी वरून पाघळते, आत टणकच असते. घाबरतोस काय? यल्ला, जा!"

उत्तर लगेच आलं. "तू म्हणालास ना? मग खलास!"

दुबईत दिवसातून शंभरदा कानावर पडणारा शब्द. ठरलं, मिटलं, एवढाच त्याचा अर्थ. सुदेश हसला आणि डबा उघडून बसला.

जेवताना ही गंमत त्याने यूनुसला ऐकवली. यूनुस लाद्या उचलायचा. गाव चित्राल, पाकिस्तानातल्या हिंदुकुशच्या डोंगरातलं, बर्फातच वाढलेला. त्याचा घास हातातच राहिला.

"सुदेशभाई, वो तुम्हारा फॅक्टरी का बर्फ नहीं है. आसमान से गिरा हुआ है, परत पे परत. धूप का पानी अंदर गया, नीचे की परत छूट जाती है. धप्प बोला, मतलब पहाड ने बता दिया. रोको उसको!"

साच्यात गोठवलेला आणि आभाळातून पडलेला, दोन्हीला आपण बर्फच म्हणतो. सुदेश डबा तसाच टाकून उठला. फोन लावला, लागेना. 'परत फिर' असं तीनदा लिहिलं. तिन्हींवर एकच टिक. मग वेड्यासारखा आपला आधीचा मेसेज पुसून टाकला. पण तो नीलेशने कधीच ऐकला होता. देवा, जळो माझा शहाणपणा, पोराला परत फिरव, एवढंच तो पुटपुटत राहिला.

तासाभराने प्रज्ञाचा, नीलेशच्या बायकोचा, फोन आला.

"दादा, गाईडचा कॉल होता. सगळे परत फिरले, हे एकटेच पुढे गेले. माझा भाऊ बर्फवाला आहे, म्हणाले. अख्खा स्लोप खाली आलाय. अर्धा तास झाला, खणतायत." तिला हुंदका फुटला. "दादा, तुम्हाला बर्फातलं कळतं. सांगा ना, आत माणूस किती वेळ राहतो?"

सुदेशने यूनुसकडे पाहिलं. यूनुसने मान खाली घातली.

"प्रज्ञा," तो म्हणाला, "मला बर्फातलं काहीसुद्धा कळत नाही गं."